पुण्याहून चेन्नईला बिऱ्हाड हलवावं का? तिथे राहिलेल्यांशी बोलायचं आहे

सांजवात

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबलचक झाला तर सांभाळून घ्या.

नवरा चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत उत्पादन विभागात आहे. कंपनीचा नवा कारखाना ओरगडमला सुरू होतोय. चेन्नईच्या नैऋत्येला, श्रीपेरुंबुदूरच्या पट्ट्यात. त्याला तिथे एक विभाग सांभाळायला बोलावलं आहे. पद वाढेल, हातात महिन्याला साधारण ३५ हजार जास्त येतील. १५ डिसेंबरपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा आहे. होकार दिला तर एप्रिल-मेमध्ये हलायचं.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. सिंहगड रस्त्यावर नऊ वर्षांपासून माझं छोटं क्लिनिक आहे. तोतरेपणा असलेली मुलं, उशिरा बोलायला लागलेली मुलं आणि पक्षाघातानंतर वाचा गेलेली मोठी माणसं माझ्याकडे येतात. मुलगी आठवीत, सीबीएसईच्या शाळेत. आई साताऱ्यात एकटी राहते, वय ७२, अजून स्वतःचं सगळं स्वतः करते.

चेन्नई चांगलं शहर आहे का, असं मला विचारायचं नाहीये. चांगलंच असणार, लाखो माणसं आनंदाने राहतात. ते *आपल्याला* मानवेल की नाही, हे जाण्याआधी कसं ओळखायचं? तुम्ही कोणी असा निर्णय घेतला असेल, होकाराचा किंवा नकाराचा, तर कशावरून घेतलात ते मनापासून सांगा.

जुना चेन्नईकर

मी अकरा वर्षं क्रोमपेटला राहिलो, ओरगडमलाच नोकरी होती. माहीत आहे तेवढं सांगतो.

हवा आधी. पुण्याचा माणूस तिथल्या उन्हाला घाबरून जातो, पण खरा त्रास दमटपणाचा. मे महिन्यातले तीनेक आठवडे ज्याला ते अग्नि नक्षत्रम म्हणतात, तेव्हा दुपारी बाहेर पडायचं नाही हे तिथलं लहान मूलही जाणतं. संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटला की जीवात जीव येतो. पण तुम्ही राहाल त्या बाजूला, म्हणजे तांबरम-वंडलूरकडे, तो वारा उशिरा आणि थकून पोचतो. आपल्यासारखी थंडी नाही. जानेवारीत पहाटे २०-२१ अंश असतं आणि लोक कानटोप्या घालून फिरतात.

पाऊस आपल्या उलट. जून ते सप्टेंबर थोडाथोडा, आणि खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. त्यामुळे घर बघायला जायचं तर नोव्हेंबरात जा. फेब्रुवारीत सगळीच घरं छान दिसतात.

घराबाबत एकच प्रश्न घट्ट धरून ठेवा: "२०१५ ला इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं?" दलालाला विचारू नका. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला, किराणावाल्याला विचारा. तो भिंतीवर हात ठेवून उंची दाखवेल. तांबरमच्या पश्चिमेला मुडिचूर, वरदराजपुरम हा भाग अड्यार नदीकाठचा, तिथे तेव्हा होड्या फिरल्या. वेळचेरी आणि पळ्ळिकरणैच्या आजूबाजूला तर मुळात दलदल होती. उरलेल्या दलदलीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला, पण आधीच बांधून झालेल्या इमारती तिथेच आहेत. डिसेंबर २०२३ च्या मिचाँग वादळात तिथे पुन्हा पाणी भरलं.

आणि याच शहरात २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले, जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. म्हणून दुसरा प्रश्न: बोअरला वर्षभर पाणी असतं का, खारट आहे का, टँकर किती वेळा मागवावा लागतो आणि त्याचे पैसे कोण देतं.

अनामत पूर्वी दहा महिन्यांची घ्यायची पद्धत होती. २०१९ पासून लागू झालेल्या भाडेकायद्यात, करारात वेगळं ठरलं नसेल तर, तीन महिन्यांची मर्यादा आहे. तरी मालक जास्त मागतात, तुम्ही कायद्याचं नाव काढून बोला. विजेचं बिल दोन महिन्यांनी येतं, पहिली १०० युनिट फुकट. मात्र दोन महिन्यांत ५०० युनिट ओलांडली की दरांचा तक्ताच बदलतो, आणि दोन खोल्यांत एसी लावणारं घर उन्हाळ्यात ती ओलांडतंच.

मला मानवलं. पण मी रोज सकाळी सात वाजता कंपनीच्या बसमध्ये बसत होतो आणि संध्याकाळी सातला उतरत होतो. बायकोला विचाराल तर ती वेगळं सांगेल. तिला विचारून उद्या लिहितो.

रानजाई

ताई, मुलीला विचारलंत का? तुमच्या लिहिण्यात ती "आठवीत" एवढीच आहे.

सीबीएसईत नववी-दहावी मिळून एक धरतात, बोर्डाची नोंदणी नववीत होते आणि दहावीला शाळा बदलणं अवघड जातं. म्हणजे हलायचं तर याच एप्रिलात, नाहीतर दहावी झाल्यावर. मधली वाट नाही. दुसऱ्या भाषेचंही बघा. तमिळनाडूत २००६ च्या कायद्याने शाळांतून तमिळ टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. मध्येच आलेल्या मुलांचं काय, ते ज्या शाळेत जाणार तिथून लेखी घ्या, तोंडी आश्वासनावर जाऊ नका. त्या सक्तीत काही वावगं नाही, आपल्याकडेही २०२० पासून मराठीची सक्ती आहेच.

परतवारी

मी चौदा महिन्यांत चेन्नईहून परत आले. त्यामुळे लिहायला थोडी बिचकत होते, कारण परत आलेल्या बाईचं म्हणणं "हिला जमलं नाही" म्हणून बाजूला ठेवलं जातं.

चेन्नईने माझं काहीही वाईट केलं नाही. शेजारच्या अक्कांनी मला पहिल्या आठवड्यात रसम आणून दिलं. रात्री नऊला एकटी लोकलने आले तरी भीती वाटली नाही. रिक्षावाल्यांशी घासाघीस व्हायची, ती कुठे होत नाही.

मी तिथे कोणीच नव्हते, हे मला पेललं नाही. पुण्यात मी शिवणवर्ग चालवायचे, पंचवीस बायका यायच्या. रस्त्याने जाताना पाच जणी थांबवायच्या. तिथे नवरा सकाळी साडेसहाला निघायचा, मुलगा साडेसातला, आणि आठ वाजता घरात जो पंख्याचा आवाज उरायचा तो संध्याकाळपर्यंत. मी तमिळ शिकले नाही. आज वाटतं, पहिल्या महिन्यातच शिकायला हवी होती. पण तेव्हा मनाने धरलं होतं की दोन वर्षांनी परतच जायचंय, मग कशाला?

ज्याची बदली होते तो आपलं काम, आपली ओळख, आपली माणसं सगळं बरोबर घेऊन जातो. बरोबर जाणारा माणूस हे सगळं मागे सोडून जातो. तेव्हा सांजवात, तुमच्या नवऱ्याचा दिवस तिथे कसा जाईल हे मोजू नका. तो जाईल चांगला. तुमचा मंगळवार कसा जाईल ते बघा. सकाळी दहा वाजता, जुलैतल्या एखाद्या मंगळवारी, तुम्ही नेमक्या कुठे असाल? याचं उत्तर सापडलं तर जा.

काटकसर

भावनेचं बाकीच्यांनी लिहिलं आहे, मी आकड्यांचं विचारतो. नवऱ्याचे ३५ हजार वाढतील. क्लिनिकचं भाडं, मदतनीस वगैरे जाऊन तुमच्या हातात महिन्याला किती राहतात? ते ३५ पेक्षा जास्त असतील तर ही बढती घराच्या दृष्टीने पगारकपात आहे. त्यात साताऱ्याच्या फेऱ्या, दुहेरी घराचा देखभाल खर्च आणि एकदाचा हलण्याचा खर्च मिळवा.

सांजवात

सगळ्यांचे आभार. रानजाई, तुमचा प्रश्न लागला. खरंच विचारलं नव्हतं, "सांगितलं" होतं. आज रात्री विचारते.

काटकसर, ४५ ते ५० राहतात. हा हिशोब आम्ही दोघांनी कधी समोरासमोर मांडलाच नव्हता. काल मांडला. नवरा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मी माझ्याच पगाराची बेरीज करत होतो."

परतवारी, तुमचा मंगळवार डोक्यातून जात नाही. माझी अडचण तर आणखी खोल आहे. माझी नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेची, ती देशभर चालते. पण माझं कामच भाषेत आहे. एक उदाहरण सांगते. माझ्याकडे एक निवृत्त बस कंडक्टर येतात. अर्धांगवायूनंतर त्यांची वाचा गेली. स्वतःचं नाव येत नव्हतं, बायकोचं नाव येत नव्हतं. अशा माणसांत पाठ असलेलं, साखळीने येणारं बोलणं पुष्कळदा शाबूत असतं: आकडे, वार, रामरक्षा. यांना आकडेही अडत होते. एक दिवस मी सहज म्हटलं, "स्वारगेट." आणि ते म्हणाले, "दांडेकर पूल, राजाराम पूल, विठ्ठलवाडी, आनंदनगर, माणिकबाग." आठ महिने झाले, आम्ही त्या थांब्यांच्या मधूनमधून शब्द पेरत बोलणं परत आणतो आहोत.

तांबरमला मी कोणाला कुठला थांबा सांगणार? भाषा शिकता येते. पण एखाद्याच्या भाषेच्या तळाशी काय आहे हे ओळखायला तिथे वाढावं लागतं.

तंजावरची लेक

सांजवातताई, मी चेन्नईतच जन्मले आणि आमच्या घरात मराठी बोलतात. आम्ही तंजावरकडचे. व्यंकोजीराजे १६७५-७६ च्या सुमारास तंजावरला आले, १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या कुटुंबांतली आम्ही. आमचं मराठी तुम्हाला जुनं वाटेल, मध्ये तमिळ शब्द येतात. लिहायला मी मोठेपणी शिकले, चूक असेल तर सांगा. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ चा मोठा मराठी शिलालेख आहे. लहानपणी आजोबा बोट ठेवून वाचून दाखवायचे, तेव्हा मला वाटायचं की ही भाषा फक्त आमच्या घरात आणि त्या भिंतीवर आहे.

हे सांगण्याचं कारण, तुम्ही म्हणता "तिथे वाढावं लागतं". खरं आहे. पण चेन्नईत तमिळ सोडून दुसऱ्या भाषेत वाढलेली माणसं खूप आहेत आणि त्यांच्यासाठी थेरपिस्ट फार कमी. सौकारपेटेत पिढ्यान्‌पिढ्या राजस्थानी आणि गुजराती घरं आहेत, हिंदी तिथे सर्रास चालते. माझ्या आजीची वाचा गेली तेव्हा तिच्याशी तमिळमध्ये सराव करून घेत होते आणि ती आमच्याकडे बघून रडायची. तिचं तळाचं बोलणं मराठी होतं, हे डॉक्टरांना सांगायला आम्हाला दोन महिने लागले. तेव्हा तुमच्यासारखं कोणी असतं तर.

मुट्टुकाडूला, ईसीआरवर (समुद्रकाठच्या ईस्ट कोस्ट रोडवर), बहुविकलांग व्यक्तींसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे स्पीच थेरपीचं काम चालतं. आलात तर तिथे एकदा जाऊन या.

आणि तंबू चेट्टी रस्त्यावरच्या कालिकाम्बाळ मंदिरातही जा. ३ ऑक्टोबर १६७७ रोजी शिवाजी महाराज तिथे दर्शनाला आल्याची तिथली नोंद आहे. आमच्याकडे कोणी महाराष्ट्रातून आलं की आम्ही आधी तिथेच नेतो.

गोदाकाठ

बऱ्याच घरांत "तू आधी जा, आम्ही वर्षभराने बघू" असं ठरतं. आम्ही तेच केलं. मी नाशिकला, नवरा श्रीपेरुंबुदूरला खोली घेऊन. कागदावर सगळ्यात सुरक्षित पर्याय हाच दिसतो, म्हणून सावध करते. पहिले चार महिने तो दर पंधरा दिवसांनी यायचा. मग महिन्याने. मग सणाला. दोन घरांचं भाडं, दोन स्वयंपाकघरं, आणि जो येतो तो पाहुण्यासारखा. मुलगा सहा वर्षांचा होता, बाबा घरी आले की तो त्यांना चादर कुठे आहे ते दाखवायचा. वर्षाचं अडीच वर्षं झालं, कारण "बघू"ला तारीख नव्हती. असं करायचंच असेल तर आधी तारीख लिहा. त्या तारखेला एकतर सगळे तिथे, नाहीतर सगळे इथे.

उत्तरवारा

थोडं वेगळं मत मांडतो. मी अमरावतीचा, सहा वर्षं गुरुग्रामला आहे. जाण्याआधी मीही असेच तक्ते केले होते. त्यातलं काहीच तसं निघालं नाही. ज्या हिवाळ्याची वाट बघत होतो त्या हिवाळ्यात धुरामुळे मुलांना घरात ठेवावं लागलं, आणि ज्या शेजाराची धास्ती होती तो शेजार आज सख्ख्या नात्यापेक्षा जवळचा आहे. गाव आधी कळत नाही, राहूनच कळतं. पहिलं वर्ष प्रत्येकाला नकोसं वाटतं, दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत पाय रुजतात. परतवारीताई, चौदा महिने थोडे कमी पडले असं मला वाटतं. राग मानू नका.

गाडीचं सांगतो, कारण ते सगळे विसरतात. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवायची तर तिथली नोंदणी लागते. पुण्याच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, कर्ज असेल तर बँकेचंही, मग तिथला कर भरायचा आणि इथला उरलेल्या वर्षांचा परतावा मागायचा. २०२१ पासून बीएच मालिका आहे, म्हणजे राज्य बदललं तरी पुन्हा नोंदणी न लागणारा गाडीचा क्रमांक, तुमच्या कंपनीची चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असतील तर विचारून बघा. जुनी गाडी असेल तर इथेच विकून टाकणं सोपं.

परतवारी

राग नाही मानला, पण उत्तर देते. दुसऱ्या दिवाळीत पाय रुजतात ते पहिल्या वर्षी माती भुसभुशीत केली असेल तर. मी काहीच केलं नव्हतं, आणखी दोन वर्षं राहिले असते तरी तेच झालं असतं. "राहिलं की होतं" हे आपण बायकांना सासरी पाठवतानाही सांगतो. काहींचं होतं. ज्यांचं होत नाही त्यांचं कोणी मोजत नाही.

आधी सगळं कळत नाही, हे मान्य. पण स्वतःबद्दल पुष्कळ कळतं. एकटेपणात मी काय करते, नवी भाषा मी शिकते की टाळते, अनोळखी दारावरची बेल मी वाजवू शकते का, हे चाळिशीपर्यंत आपल्याला ठाऊक असतं. मी बेल वाजवणाऱ्यातली नाही, आणि हे मला जाण्याआधीही माहीत होतं.

जुना चेन्नईकर

बायकोचं म्हणणं लिहितो म्हटलं होतं. ती सांगते: "पहिली दोन वर्षं मी रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन रडायचे, हे यांना अजून माहीत नाही. तिसऱ्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या मामींनी मला कोलम, म्हणजे त्यांची रांगोळी, काढायला शिकवलं, मग मी त्यांच्याकडून तमिळ वाचायला शिकले. आता पुण्यात आलोय तर मला क्रोमपेटची आठवण येते." हे मी आज पहिल्यांदा ऐकलं. बाकी काही लिहिवत नाही.

सांजवात

आम्ही जाऊन आलो. नोव्हेंबरातले दहा दिवस, मुलीची शाळा बुडवून. परतवारीताईंच्या मंगळवाराप्रमाणे ठरवलं होतं की बघण्याची ठिकाणं बघायची नाहीत. तांबरमच्या पूर्वेला दहा दिवसांसाठी एक सुसज्ज घर घेतलं. नवरा रोज कारखान्यात गेला, मुलीने दोन शाळांत एकेक दिवस बसून पाहिलं, आणि मी सकाळी आठ ते संध्याकाळी सात माझा दिवस काढला.

पहिले तीन दिवस वाईट गेले. पाऊस, आणि दमटपणा असा की वाळत घातलेला टॉवेल दुसऱ्या दिवशी हातात घेववेना. सकाळी टीव्हीवर कलेक्टरनी शाळांना सुट्टी जाहीर केल्याची पट्टी आली. आम्ही तिघं खिडकीत बसून रस्त्यावरचं पाणी बघत होतो. मला जुलै २०२४ मधली आमच्या मागची एकतानगरी आठवली, खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं तेव्हाची. तेव्हा वाटलं, पुराची भीती म्हणून पुणं धरून बसण्यात अर्थ नाही. इस्त्रीवाल्याला विचारलं, त्याने गुडघ्यावर हात ठेवला. दुसऱ्या गल्लीतल्याने नुसती मान हलवली, तिथे आलं नव्हतं. आम्ही घर त्या दुसऱ्या गल्लीत बघितलं. खाली मालक, वर आम्ही. त्यांनी एकच विचारलं, मांसाहार करता का. आम्ही करत नाही, पण हा प्रश्न येतो हे इतरांनी लक्षात ठेवा.

चौथ्या दिवशी बाजारात गेले. पोह्यांना अवल, ज्वारीला चोळम, बाजरीला कंबु, साबुदाण्याला जव्वरिसी. साबुदाणा तर तिथलाच, सेलमचा. आपण उपवासाला खातो तो बहुतेक तिकडूनच येतो हे मला माहीत नव्हतं. चोळमाचं पीठ मिळालं, भाकरी थापली, चिरली. तिसरी जमली.

भाषेचं माझ्या धंद्याच्या कानाने ऐकलं. त्यांचा ळ आपल्याला जन्मजात येतो, उत्तरेकडच्या माणसाला तिथेच अडतं. त्यापलीकडचा आणखी एक आहे, जीभ मागे वळवून पण टाळूला न लावता, तो मला तीन दिवसांत आला. लिपीत क आणि ग ला एकच अक्षर, शब्दातल्या जागेवरून उच्चार ठरतो. भाजीवाल्या अक्कांना मी "पोदुम" (पुरे) म्हटलं, त्यांनी हात थांबवला. नव्या भाषेतला माझा पहिला शब्द कोणालातरी कळला, याचा आनंद मला एखाद्या पेशंटसारखा झाला. रोज समोर बसून जे बघते ते पहिल्यांदा आतून कळलं. परतवारीताई, मी बेल वाजवणाऱ्यातली निघाले. हे आधी ठाऊक नव्हतं.

सातव्या दिवशी मुट्टुकाडूला गेले, आधी विचारून, तीन तास बसू दिलं. नोकरी नाही विचारली. एवढं कळलं की हिंदी आणि मराठी घरांतल्या मुलांसाठी काम आहे, आणि ते आठवड्याचे दोन दिवस भरेल इतकंच, पहिल्या वर्षी तरी. तंजावरची लेक, तुम्ही भेटलात, तुमच्या आईंनी जे मराठी ऐकवलं ते मी मनात साठवून आणलं आहे.

मुलीला विचारलं होतं ना. ती म्हणाली, "गेलो तर बारावीपर्यंत तिथेच. मध्ये बाबांची परत बदली झाली तरी मी हलणार नाही. हे लिहून द्या." लिहून दिलं.

राहिली आई. पुणे विमानतळावरून सातारा धरून दारापासून दारापर्यंत आठ तास. आत्ता मी अडीच तासांत पोचते. यावर कुठलाच तोडगा निघत नाही.

रानजाई

आईंना विचारलंत का? (मी सारखी तोच प्रश्न विचारते, माफ करा.)

काटकसर

सामान हलवण्याबाबत. स्वस्तात मिळणारा वाटणीचा ट्रक घेऊ नका, वाटेत सामान उतरवून दुसऱ्या गाडीत भरतात. माझं फ्रीजचं दार त्यातच गेलं आणि पोचल्यावर ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिल्याशिवाय माल उतरवेनात. पूर्ण गाडी, प्रत्येक वस्तूची यादी दोघांच्या सहीने, वाहतूक विमा वेगळा काढलेला, आणि शेवटचा हप्ता सामान आत आल्यावर. पुणे-चेन्नई बंगळूरमार्गे साधारण १,२०० किलोमीटर आहे, चार दिवसांत पोचायला हवं. लाकडी कपाटं नेऊ नका. दमट हवेत फुगतात.

सांजवात

मंडळी, १५ तारीख झाली. काय ठरलं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

जातोय. पण जशी मागणी आली होती तसं नाही. नवऱ्याने कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घेतल्या: मुलीची बारावी होईपर्यंत तिथून बदली नाही, वर्षातून चार वेळा घरच्यांचा विमानप्रवास, आणि पहिल्या सहा महिन्यांचं घरभाडं. तिसरी मागणी मान्य होईल असं वाटलं नव्हतं. त्यांनाही माणूस हवाच होता.

पैशात पहिली दोन वर्षं आम्ही मागे राहू, हे हिशोबात धरलं आहे.

माझं क्लिनिक बंद होणार नाही. माझ्याकडे पूर्वी उमेदवारी केलेली एक मुलगी ते चालवणार आहे, मी आठवड्यातून दोन दिवस पडद्यावरून मुलांची सत्रं घेईन आणि दर दीड महिन्याने पाच दिवस येईन. सगळ्यांचं पडद्यावरून होत नाही. गिळण्याचा त्रास असलेल्यांना तर हाताने तपासावंच लागतं.

आईला विचारलं. ती म्हणाली, "तू पुण्यात असून गेल्या वर्षी किती वेळा आलीस ते मोज." मी मोजलं. अकरा वेळा, आणि त्यातल्या सात वेळा दुपारी येऊन रात्री परत. तिचं म्हणणं, आलीस तर चार दिवस राहा. डिसेंबर ते फेब्रुवारी ती आमच्याकडे येईल, बाकी सातारा सोडणार नाही. शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली दिली आहे. तरीही रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो, आणि तो येतच राहील.

आता पेशंट. एकूण २३ जणांची नोंदवही सोपवायची आहे, १७ झाल्या. कंडक्टरकाकांची मुद्दाम मागे ठेवली होती. नव्या थेरपिस्टबरोबर तीन सत्रं मी त्यांच्या शेजारी बसले. पहिल्या दोन वेळा ते माझ्याकडेच बघत राहिले. काल तिने "स्वारगेट" म्हटलं तेव्हाही ते गप्पच होते. मग तिने वहीत न बघता, चुकीचं सांगितलं: "स्वारगेट, विठ्ठलवाडी." काकांनी मान जोरात हलवली, तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "नाही. दांडेकर पूल. मग राजाराम पूल." "नाही" हा शब्द त्यांनी आठ महिन्यांत माझ्यासमोर कधी उच्चारला नव्हता.

गुरुवारी चौथं सत्र आहे. मी बाहेरच्या बाकावर बसणार आहे.